मोजलेलं पाणी

आर्द्रा निम्मी सरली आणि माझ्या वहीत यंदाच्या पावसाची बेरीज एकोणीस मिलिमीटर आहे. पर्जन्यमापक गच्चीवर आहे. रोज सकाळी आठला मी वर जातो, नळी उजेडाकडे धरून पाहतो आणि बहुतेक दिवस शून्य लिहून खाली येतो. शून्य लिहायचं कशाला, असं बायको विचारते. न लिहिलेला दिवस आणि शून्याचा दिवस यांत फरक असतो, असं मी तिला सांगतो. तिला हे उत्तर पाठ झालं आहे.

गावात टँकर सुरू आहे. सकाळी अकराच्या सुमारास तो वेशीतून आत वळतो आणि रस्ताभर प्लास्टिकचे ड्रम घासटल्याचा आवाज उठतो. टँकर उभा राहतो तिथली दोन हात जमीन तेवढी ओली होते. तिथे चिमण्या येतात, कुत्री येऊन बसतात, आणि ओल्या मातीचा वास घेत म्हातारी माणसं उगीच उभी राहतात. आष्टी तालुक्यात हे चित्र नवं नाही. माझ्या आयुष्यातले कोरडे पावसाळे मी मोजले तर ओल्या पावसाळ्यांपेक्षा ते जास्त भरतील. तरीही जून असा रिकामा गेला की मला आठवतो तो इथला हंगाम नव्हे. मला प्रशांत महासागरातलं एक बेट आठवतं, फिजी देशातलं, एकतीस घरांचं. आपल्याकडे पाऊस असतो ते महिने तिथे कोरडे असतात.

आष्टी तालुक्यातला माणूस तिथे कसा पोचला, ते आधी सांगतो.

मी बावीस वर्षं गावच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव होतो. सकाळ-संध्याकाळ माप घ्यायचं, फॅट काढायची, लिहायचं. चांगल्या दिवसांत दोन्ही वेळचं मिळून नऊशे लिटर दूध यायचं. मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. जनावरं चारा छावणीत गेली, काही कड्याच्या बाजारात विकली गेली. एका संध्याकाळी कॅनमध्ये अकरा लिटर दूध जमलं. मी झाकण लावलं, आणि त्या आठवड्यात संस्था बंद झाली. त्याच वर्षी माझी बायको रत्नमाला आरोग्यसेविकेच्या नोकरीतून मोकळी झाली. मुलगी नगरला दिलेली, मुलगा पुण्यात चिकटलेला. मी चौपन्न वर्षांचा होतो आणि सकाळी पाचला उठून मला करायला काही नव्हतं.

आम्ही ख्रिस्ती. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून. एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी एक पत्र वाचून दाखवलं. पन्नाशी उलटलेली, घरच्या जबाबदारीतून सुटलेली जोडपी हवी होती, लांबच्या बेटांवरच्या लहान मंडळ्यांच्या सेवेला, एका वर्षासाठी. एकाला शुश्रूषा येत असली तर बरं, दुसऱ्याने देवळाची इमारत, शाळा, पाणी यांची देखभाल करायची. रत्नमालेने बायकांच्या बाजूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या बघण्यात प्रश्न नव्हता, म्हणून मलाही उत्तर द्यावं लागलं नाही.

आमच्या भागात ऊस तोडायला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम टोळी मोजतो ती कोयत्यांत: वीस कोयते, पंचवीस कोयते. निघायच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीतला बाबूराव मुकादम पारावर बसला होता. तो म्हणाला, "सचिव, आता तुमचा बी एक कोयता झाला की. आमची टोळी कारखान्याला, तुमची समुद्रापल्याड." पारावर सगळे हसले. मीही हसलो. पण विमानात बसल्यावर मला वाटलं, बाबूरावाने आम्हाला बरोबर मोजलं होतं.

बेटावरच्या पहिल्या दिवसांची आठवण म्हणजे चष्मा. दर दोन तासांनी काचांवर मिठाचा धुरकट थर यायचा आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला की तो आणखी पसरायचा. दुसरी आठवण आवाजाची. देवळाची घंटा नव्हती. एक पोखरलेला ओंडका होता, त्यावर दोन दांड्यांनी ठोके दिले की सगळं गाव उपासनेला निघायचं. तिसरी वासाची. वाळत घातलेल्या खोबऱ्याचा गोडसर वास, त्यात लाकडाचा धूर आणि मासे. रत्नमालेला तो वास पहिल्या दिवसापासून आवडला. मला सवय व्हायला महिना लागला. जेवायला अळूचे कंद, शाबूकंद, नारळाच्या दुधातले मासे. भाकरीची आठवण यायची, पण ती बोलून दाखवायची नाही असं आमचं ठरलं होतं.

गावाचा मुखिया इलाइसा. साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस. तरुणपणी तो मोठ्या बेटावर दहा हंगाम ऊस तोडायला जात होता. तिथल्या मळ्यांचे मालक शे-सव्वाशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून गेलेल्या मजुरांचे वंशज. त्यांच्याकडून तो हिंदी शिकला होता. त्याची हिंदी तोडकी, माझी आपल्याकडची दखनी वळणाची, पण काम भागायचं. आम्ही ऊसतोडीच्या मुलखातून आलो हे कळल्यावर त्याने घरातून आपला जुना सुरा आणून दाखवला. रत्नमालेने तो हातात तोलून पाहिला आणि सांगितलं की आमच्याकडे बायकाही तोडतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून वाहतात, आणि पोटुशा असल्या तरी जातात. तिने बीडच्या दवाखान्यांत अशा बायका खूप पाहिल्या होत्या. इलाइसाने सुरा परत आत नेऊन ठेवला.

आमच्या शेजारी लितिया नावाची म्हातारी राहायची. गाव तिला बूबू म्हणायचं, म्हणजे आजी. पंच्याहत्तरच्या पुढची असावी; तिला स्वतःला आकडा माहीत नव्हता आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. केवड्यासारख्या लांब पानांच्या चटया विणायची. रत्नमाला तिच्यापाशी बसून विणायला शिकली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण दुपारभर त्या बोलायच्या आणि हसायच्या. बूबू आमच्याकडे काहीही मागायला यायची: मीठ, आगपेटी, रत्नमालेचा कंगवा. मागताना संकोच नाही आणि नेल्यावर आभार नाहीत. त्या गावात रीतच अशी की मागितलेली वस्तू असेल तर द्यायची. त्याला ते केरेकेरे म्हणतात. आज मी मागेन, उद्या तू माग, आणि मध्ये कुणी वही ठेवायची नाही.

मला हे जमत नव्हतं. बूबूने चार मासे दिले की दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे तेवढ्याच वजनाची साखर पाठवायचो. तिने शाबूकंद दिले की मी साबण द्यायचो. फेड झाल्याशिवाय मला घास गोड लागत नसे. आणि स्वतःहून मी कुणाकडे काही मागत नसे. मला हा माझा सद्गुण वाटायचा. रत्नमाला एकदा म्हणाली, "आवो, ती म्हातारी रोज येती आन् तुमी रोज तिला वाटं लावता." मला तिचं बोलणं समजलं नाही.

जूनमध्ये तिथला कोरडा हंगाम लागला आणि त्या वर्षी तो आधीच्या कोरड्या महिन्यांना जोडून आला. बेटावर नदी नाही, ओढा नाही. प्यायचं पाणी म्हणजे पत्र्यावरून उतरवून टाक्यांत साठवलेला पाऊस. ऑगस्टच्या सुरुवातीला घरोघरच्या लहान टाक्या आटल्या. राहिली देवळाची सिमेंटची मोठी टाकी. ती माझ्या देखभालीत होती. किनाऱ्याजवळ एक उथळ विहीर होती, तिचं पाणी मचूळ, कपडे धुवायच्या कामाचं. मोठ्या बेटावरून पाण्याची बोट मागवली होती. रेडिओवर उत्तर आलं की वीस-एकवीस दिवस लागतील.

मला जे येतं ते मी केलं. टाकीत बांबू सोडून त्यावरची ओल मोजली. टाकी गोल, आतला व्यास चार मीटर, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला साधारण सव्वाशे लिटर. तोटीच्या वर पन्नास सेंटिमीटर पाणी होतं. सव्वासहा हजार लिटर. गाव रोज चार सेंटिमीटर उपसत होतं. त्या चालीने पाणी बारा-तेरा दिवसांत संपणार होतं आणि बोट त्याच्या आठवडाभर पुढे होती. एका घराला दहा लिटरची एक बादली दिली तर एकतीस घरांना तीनशे दहा लिटर. म्हणजे वीस दिवस. गणितात कुठेही चूक नव्हती. आज इतक्या वर्षांनी मी ते पुन्हा करून पाहिलं, तेव्हाही सापडली नाही.

इलाइसाला मी हे समजावलं. तो म्हणाला, तुमच्याकडे दुष्काळ असतो, तुम्हाला कळतं. मग मी तक्ता केला. शाळेतून कोरा पुठ्ठा घेतला, उभ्या रेघेत एकतीस घरांची नावं त्यांच्याच अक्षरांत लिहिली, आडवे वीस दिवस. घराने बादली भरली की त्या चौकोनात खूण. तक्ता टाकीशेजारी देवळाच्या भिंतीला लावला, सगळ्यांना दिसेल असा. खोटं नको, वशिला नको, म्हणून.

पहिल्या दिवशी एकतीस खुणा झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बूबू पुन्हा बादली घेऊन आली. सकाळची तिची खूण झालेली होती. पलीकडच्या बेटावरून तिच्याकडे कुणी पाहुणी आली होती, एवढं मला तिच्या हातवाऱ्यांवरून कळलं. मी तक्त्याकडे बोट दाखवलं. तिच्या नावापुढची खूण दाखवली. मग उद्याचा रिकामा चौकोन दाखवला. आवाज चढवला नाही, चेहराही नीट ठेवला. बूबूने तक्ता पाहिला, माझ्याकडे पाहिलं, छान हसली आणि रिकामी बादली घेऊन परत गेली. तिने नियम मानला, म्हणून मला तिचं कौतुक वाटलं. रत्नमालेला मी तसं सांगितलंही.

तिसऱ्या दिवशी बावीस खुणा. चौथ्या दिवशी सतरा. मग बारा, नऊ, सात. रोज बांबू बाहेर काढताना मला बरं वाटायचं. पाणी वाचत होतं. लोक शिस्तीला लागले, असं मी समजलो. शून्याचा आणि न लिहिलेल्या दिवसाचा फरक लोकांना शिकवणारा मी, पण त्या रिकाम्या चौकोनांचा अर्थ मला कळला नाही. आठव्या दिवशी सहा खुणा झाल्या. जेवताना मी रत्नमालेला म्हणालो की या वेगाने पाणी महिन्याच्या वर जाईल.

तिने हातातला घास खाली ठेवला. तिच्या दवाखान्याच्या खोलीत पाच दिवसांपासून पोट बिघडलेली माणसं येत होती. बूबूच्या पायांवर सूज चढली होती, बोट दाबलं की खड्डा राहायचा, आणि रक्तदाब रत्नमालेने दोनदा मोजला तरी विश्वास बसू नये इतका वर गेला होता. खाणं तेच, काम तेच. मग तिने बूबूच्या चुलीवरच्या किटलीतलं पाणी चाखून पाहिलं होतं. विहिरीचं, मचूळ.

"पाणी वाचलं न्हाई, आवो," ती म्हणाली. "माणसं यायची थांबलीत. बूबू जात न्हाई म्हणून कुणीच जात न्हाई. आन् असंच चाललं तर ती म्हातारी बोट यायच्या आत जाईल."

मी म्हणालो, तिला सांग ना, तिचा चौकोन रोज तिचाच आहे. रोजची बादली तिची हक्काची आहे. रत्नमाला म्हणाली की हक्काचीच तर तिला नको आहे. तिने मागितलं आणि तिला नाही मिळालं, तेही देवळाच्या भिंतीपाशी, नाव लावून. या गावात असं तिच्या उभ्या जन्मात घडलं नव्हतं.

"तक्ता काढा," ती म्हणाली.

मी काढला नाही. मला राग आला होता. त्या रागाला जुनं कारण होतं, आणि रत्नमालेला ते माहीत होतं.

बाहत्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. गावच्या विहिरीला पाणी कमी झालं तसा एक जुना नियम परत आला. आमच्या लोकांनी काठापासून लांब उभं राहायचं, वरच्या आळीतल्या बाईने मनात आलं तर पोहरा आमच्या घागरीत ओतायचा. आजोबांचा बाप्तिस्मा झाला होता, पण घागर तीच होती. माझी आई उन्हात उभी राहायची आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला, "वाढा वं बाई," म्हणायची. मी तिच्या पदराला धरून उभा असायचो. कधी घागर भरायची, कधी अर्धी. कधी बायका आपसात बोलत निघून जायच्या. पुढे मोठा झाल्यावर मी स्वतःशी एक ठरवलं: रिकामं भांडं घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं नाही.

म्हणून संस्थेत असताना गावात पहिल्यांदा टँकर आला तेव्हा यादी मी केली. सम तारखेला वाटप वरच्या आळीपासून, विषम तारखेला आमच्या टोकापासून. यादीत पाटलांचं घर एक ओळ आणि आमच्या गल्लीतल्या विधवेचं घर एक ओळ. बाबूराव म्हणायचा, "सचिव, तुमी तर पाण्याची बी फॅट काढताल." पण त्या उन्हाळ्यात आमच्या टोकाच्या एकाही बाईला कुणाला "वाढा वं बाई" म्हणावं लागलं नाही. माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं विचारलं तर मी ती यादी दाखवीन. आणि इथे, त्याच यादीमुळे एक म्हातारी मचूळ पाणी पिऊन मरायला टेकली होती.

नवव्या दिवशी सकाळी इलाइसा आला. त्याची हिंदी मी इथे मराठीत लिहितो. तो ओट्यावर बसला, आधी वाऱ्याबद्दल बोलला, मग माशांबद्दल. मग म्हणाला की तक्ता त्याच्याही संमतीने लागला, तेव्हा चूक त्याचीही आहे. पण बूबूच्या घरी आता जावं लागेल. रिकाम्या हाताने नाही. तिथल्या रीतीप्रमाणे यांगोना नावाच्या झाडाची वाळलेली मुळी न्यायची, ती चटईवर ठेवायची आणि मान खाली घालून बसायचं. ज्याची चूक तो बोलत नाही, त्याच्या वतीने दुसरा बोलतो. समोरच्याने मुळीला हात लावला तर मिटलं.

"आणि नाही लावला तर?" मी विचारलं.

"मग बोट आली की तुम्ही तिच्यातून परत जा," तो म्हणाला. "तुम्हाला कुणी काही बोलणार नाही. पण इथे तुमचं काम उरणार नाही."

मी उठून तक्ता काढला आणि घडी घालून घरात ठेवला. मग तिघे गेलो.

बूबू भिंतीला टेकून बसली होती, पाय समोर पसरलेले. घोट्यांपाशी कातडी ताणून चकाकत होती. तिचा श्वास मला दारातूनच ऐकू आला. खोलीत गावातल्या आणखी सात-आठ बायका होत्या, पण त्यांतली एकही आमच्याकडे पाहत नव्हती. इलाइसाने मुळी चटईवर ठेवली आणि खालच्या, एकसुरी आवाजात बोलू लागला. मी चटईची वीण पाहत होतो. एकाआड एक पान, वर-खाली. तो थांबला. मुळी तशीच पडून होती.

मग बूबू काहीतरी म्हणाली. इलाइसाने मला सांगितलं, ती विचारते आहे, हा माणूस पाणी का मोजतो?

दोषी माणसाने बोलायचं नसतं, पण प्रश्न मलाच होता. मी विहिरीची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा ती मी घराबाहेर कुणाला सांगत होतो, तेही दखनी हिंदीत, आणि इलाइसा तुकड्या-तुकड्याने ती त्यांच्या भाषेत नेत होता. आई कशी उभी राहायची, काय म्हणायची. बायकांपैकी कुणीतरी मध्येच चक् असा आवाज केला. माझं बोलणं संपल्यावर बूबूने एकच विचारलं.

"किती मिळायचं?"

"एक घागर," मी म्हणालो. "कधी अर्धी. कधी काहीच नाही."

ती डोळे मिटून बसली. मग हळूहळू, श्वास घेत घेत बोलली, आणि इलाइसाने ते जसंच्या तसं सांगितलं: "तुझ्या आईने मागितलं आणि त्या बायकांनी दिलं नाही. लाज त्यांची होती. ती तू का घेऊन फिरतोस? इतके महिने तू आमच्यात राहतोस. आम्ही सगळे तुझ्याकडे मागतो. तू आमच्याकडे कधी काही मागितलं नाहीस. आम्ही देणार नाही असं वाटलं तुला?"

मग तिने पुढे वाकून मुळीला हात लावला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, पोकळ तळव्यांच्या, सावकाश, मोजून तीन. मुळी कुटली, पाण्यात कालवली, नारळाच्या करवंटीतून सगळ्यांना फिरवली. चव मातीच्या पाण्यासारखी होती आणि जीभ जराशी बधिर झाली. त्या कालवणीला टाकीतलं साडेतीन-चार लिटर पाणी लागलं. माझ्या ते लक्षात आलं, आणि मी करवंटी रिकामी करून परत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवर बादल्यांचा आवाज झाला. मी खिडकीतून पाहत होतो. तान्ही मुलं असलेल्या घरांनी दोन-दोन नेल्या. म्हाताऱ्या जोडप्याने अर्धी नेली. कुणी काही ठरवल्याचं दिसत नव्हतं, तरी आधीसारखा उपसा झाला नाही. मी खरं सांगतो, बांबू सोडायचं मी थांबवलं नाही. पहाटे, कुणी यायच्या आत, सोडायचो. रोज साडेतीन सेंटिमीटर उतरत होतं. तक्त्यापेक्षा जास्त, मोकळ्या उपशापेक्षा कमी. आठवडाभरात बूबूच्या पायांची सूज ओसरायला लागली. रत्नमाला गोळ्या देत होती, पण श्रेय ती पाण्यालाच द्यायची.

इथे मला सोपं काही लिहायचा मोह होतो. विश्वास ठेवला आणि पाणी पुरलं, असं लिहिता आलं असतं तर पाळकसाहेबांनी प्रवचनात सांगितलं असतं. पण पाणी पुरलं नाही. एकविसाव्या दिवशी तोटीतून नुसती हवा आली. बोटीचा पत्ता नव्हता. तक्ता काढला त्या दिवसानंतरही लोक घरटी रोज एकच बादली नेत राहिले असते तर ते बोट येईपर्यंत जेमतेम पुरलं असतं, आणि हे मी आजही मानतो. आष्टी तालुक्यात तर मी आजही यादीच करीन, आणि करतो. जिथे देणाऱ्याच्या मनावर भरवसा नाही तिथे गरिबाला ओळ लागते, चौकोन लागतो. ते बेट तसं नव्हतं, एवढंच मी ओळखायला चुकलो. पण ओळखणार कसा? मी पाहिलेल्या सगळ्या विहिरी एकाच गावच्या होत्या.

तोटी कोरडी पडल्यावर गाव नारळाच्या पाण्यावर राहिलं. घरोघरची पोरं, पुरुष माडावर चढायचे. आमच्या घरी चढणारं कुणी नव्हतं. घरात बारा लिटर साठवलेलं होतं, ते मी दोघांत वाटून दोन दिवस पुरवलं. तेविसाव्या दिवशी सकाळी कॅन उलटा केला तर दोन घोट निघाले. ते रत्नमालेला दिले.

तिने ते पिऊन कॅन माझ्या हातात दिला. "जावा आता," ती म्हणाली.

तिला बूबूच्या घरी रोज जाणं-येणं होतं. तिने उठून मागितलं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण ती भिंतीकडे तोंड करून चटई विणत बसली, आणि मला कळलं की ती उठणार नाही.

दोन घरांमध्ये वीस-बावीस पावलं असतील. सकाळचे नऊ वाजले होते, ऊन चढलं होतं आणि रिकामा कॅन चालताना पायाला लागून वाजत होता. मला वाटत होतं सगळं गाव तो आवाज ऐकतंय. दारात मी उभा राहिलो. बूबू आत पानं सोलत होती. मान वर करून तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कॅनकडे, आणि वाट पाहत राहिली.

"केरेकेरे, बूबू," मी म्हणालो. मग पाण्याचा शब्द.

ती हसली, पोटातून, खोकला येईपर्यंत. मग तिने खिडकीकडे तोंड करून शेजारच्या घराला हाक मारून काहीतरी सांगितलं, त्या घराने पुढच्याला सांगितलं, आणि मला माझं नाव लांब लांब जाताना ऐकू आलं. पुढे इलाइसाने सांगितलं, ती एवढंच म्हणाली होती की याने मागितलं. तिने मला बसवलं. आधी एक शहाळं फोडून हातात दिलं आणि संपेपर्यंत उठू दिलं नाही. मग कोपऱ्यातली मातीची घागर कलंडून माझ्या कॅनमध्ये पाणी ओतलं. तिच्या वाट्याचं, तिने राखून ठेवलेलं. अडीच लिटर होतं. ते मी घरी आल्यावर पाहिलं.

मी उठायला लागलो तशी ती माझ्या खांद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "केरेकेरे." माझ्या खांद्यावर सोलापुरी टॉवेल होता, निळ्या काठाचा, दोनच धुण्यांचा. मी तो काढून दिला. तिने तो नाकाला लावला, झटकला आणि मांडीवर ठेवला. रात्रीपर्यंत तिच्याकडे काहीतरी पाठवायला हवं, असं माझ्या मनात आलं नाही. आलं नाही, हे घरी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी बोट आली. रविवारी ओंडक्यावर ठोके पडले तेव्हा बूबू काठी टेकत पहिल्यांदा बाहेर पडली. पुढच्या चटईवर बसली, टॉवेल खांद्यावर, निळा काठ सगळ्यांना दिसेल असा. तिथून निघेपर्यंत मी तो टॉवेल दर रविवारी पाहिला. परत मागितला नाही. मागितला असता तर तिने तिथल्या तिथे काढून दिला असता, हे मला पक्कं माहीत होतं.